चेंडू सुटल्यावरचं पाऊल

कवडू खवसे यांचं नाव कवडू का, हे पांढुर्ण्यात कुणी विचारत नाही. आधीची दोन भावंडं जगली नाहीत, म्हणून आईनं तिसऱ्याला जन्मल्याबरोबर शेजारणीच्या पदरात टाकलं आणि एका कवडीला परत विकत घेतलं. त्यांच्या वयाची अशी दोन-चार माणसं गावात आणखीही सापडतील. खवसे सर मात्र ही गोष्ट मैदानावर येणाऱ्या प्रत्येक नव्या तुकडीला पहिल्याच दिवशी सांगतात. "माही किंमतच एक कवडी हाय," ते म्हणतात, "म्हनून मले फुकट शिकवनं परवडते." पोरी हसतात. मग सर शिट्टी वाजवून त्यांना मैदानाला पाच चकरा मारायला लावतात आणि हसणं आपोआप थांबतं.

सरकारी शाळेत ते एकतीस वर्षं व्यायामशिक्षक होते. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले, तेव्हा उर्मिलाबाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, वाटलं होतं की आता हा माणूस सकाळी घरात बसून गरम चहा पिईल. झालं उलटंच. पूर्वी शाळेची घंटा तरी त्यांना मैदानाबाहेर काढायची. आता तेवढाही धाक उरला नाही. सहाला सायकलच्या हँडलला चेंडूंची पिशवी अडकवून निघतात आणि नऊला घसा बसवून परत येतात.

पिशवीतले चेंडू सॉफ्टबॉलचे. हा खेळ म्हणजे क्रिकेट नव्हे, हे लोकांना समजावण्यात सरांचं निम्मं आयुष्य गेलं. यात चेंडू टाकणाऱ्या खेळाडूला पिचर म्हणतात, आणि पिचरनं चेंडू खांद्यावरून फेकायचा नसतो. हात समोरून वर न्यायचा, कानाजवळून मागे आणायचा आणि रहाटासारखा पूर्ण फिरवून खाली कमरेपाशी सोडायचा. त्याच वेळी एक पाय पुढे पडतो. बघायला सोपं वाटतं. करून बघा, चेंडू एक तर आभाळात जातो नाहीतर स्वतःच्या नडगीवर बसतो.

या साऱ्यात मृणाल आली ती जुलैमध्ये. नववीतली, उंच, हातपाय लांब आणि चेहरा असा की काही झालंच नाही. ती जाम नदीच्या पलीकडची, सावरगावची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही काठांवरून दगड चालतात, तो गोटमारीचा एक दिवस सोडला तर दोन्ही गावं एकमेकांची सोयरीच. तरी चिडवायचं कोण सोडणार? "सावरगावची हायस म्हनजे नेम घरूनच घेऊन आली असशीन," सर म्हणाले. "पांढुर्ण्याच्या सरांवर धरला त चालते का?" मृणालनं तोंड सरळ ठेवून विचारलं. सर खूश झाले. चेंडू हातात घेण्याआधीच त्यांनी मनात तिला पिचर करून टाकलं होतं.

आणि हात होताही तसा. ऑक्टोबर येईतो तिच्या चेंडूला असा वेग आला की पकडणाऱ्या पोरीनं ग्लोव्हच्या आत रुमालाची घडी ठेवायला सुरुवात केली. भानगड एकच होती. दहांतले सहा चेंडू पकडणारीच्या डोक्यावरून जायचे. आणि सौसरला होणाऱ्या जिल्ह्याच्या निवड चाचणीला बरोबर तीन आठवडे उरले असताना, एका सकाळी मृणाल उजवा खांदा डाव्या हातानं धरून त्यांच्यासमोर उभी राहिली.

"सर, खांदा ठणकून राहिला."

सरांच्या हातातली शिट्टी हातातच राहिली. हेच शब्द त्यांनी पंधरा वर्षांपूर्वी ऐकले होते, याच मैदानावर, अर्चना कामडीच्या तोंडून. तेव्हा त्यांनी काय उत्तर दिलं होतं तेही त्यांना शब्दन् शब्द आठवत होतं. "दुखून राहिलं म्हनजे ताकद येऊन राहिली," ते म्हणाले होते. "टाक." अर्चनानं टाकले. तीन वर्षं टाकले. राज्याच्या संघापर्यंत गेली, आणि बारावीच्या वर्षी तिचा हात खांद्याच्या वर जायचा बंद झाला तो कायमचा. पुढे लग्न होऊन ती सौसरला गेली, तिथे तिनं वह्यापुस्तकांचं दुकान टाकलं. सर सौसरला गेले की त्या दुकानाची गल्ली टाळून लांबच्या रस्त्यानं जातात. चांगले पाऊण किलोमीटर जास्त चालतात आणि उर्मिलाबाईंना सांगतात की डॉक्टरनं चालायला सांगितलं आहे.

"आजपासून टाकनं बंद," सर मृणालला म्हणाले.

"आन् चाचनी?"

"चाचनीचं मी पाहतो. तू आठ दिवस खांद्याले आराम दे. डॉक्टरले दाखव पैले."

डॉक्टरनं सरांसमोरच खांदा दाबून, फिरवून पाहिला. मोठं काही नाही, पण टाकण्याची पद्धत सुधारा, म्हणाले. सरांना वाटलं, हा माणूस आपल्यालाच बोलला. आणि तो खरं म्हणजे त्यांनाच बोलला होता.

आठ दिवसांनी सरांनी कामाला हात घातला तो अगदी मुळापासून. आधी त्यांना मनगट ताठ वाटलं, म्हणून त्यांनी तिला नुसतं मनगट झटकायला लावलं. मग पाऊल आखूड वाटलं, म्हणून जमिनीवर चुन्याची रेघ आखली. मग नजर चुकते असं वाटलं, म्हणून पकडणारीच्या ग्लोव्हवर पिवळी चिंधी बांधली. चेंडू आपला डोक्यावरूनच. वैतागून त्यांनी तिला भिंतीसमोर गुडघ्यावर बसवलं आणि बसल्या बसल्या टाकायला सांगितलं, आणि काय आश्चर्य, दहाच्या दहा चेंडू भिंतीवरच्या खडूच्या गोलात बसले. उभी केली, की पुन्हा आभाळात.

"बसून बरोबर, उभी राहून चूक. तुह्या पायात काय भूत हाय का?" सर म्हणाले.

"तुमीच टाकून दाखवा न सर. मी मोबाईलवर घेतो. घरी पाहून पाहून करीन."

सरांना असलं काही सांगायची खोटी. वय चौसष्ट, पण हात अजून सुटा. त्यांनी टोपी मागे ढकलली, पँट वर ओढली आणि लागोपाठ सात चेंडू टाकले. दोन डोक्यावरून गेले, ते वाऱ्यामुळे असं त्यांचं म्हणणं. मृणालनं चित्रफीत त्यांच्याही मोबाईलवर पाठवली.

ती त्यांनी त्याच दिवशी जेवणानंतर उर्मिलाबाईंना कौतुकानं दाखवायला घेतली. उर्मिलाबाई मोहगावच्या. लग्नाला सदतीस वर्षं झाली तरी पांढुर्ण्याची कुठलीही गोष्ट त्या पाहुणीच्या नजरेनं बघतात आणि पाहुणीला न शोभेल इतकं स्पष्ट बोलतात. त्यांनी चष्मा लावला, एकदा पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसायलाच लागल्या.

"काय झालं हसाले?"

"चेंडू टाकला का तुमी मांगं काहून पळता?"

"मी? मी कुठी पळतो?"

"पाहा न. टाकला का मांगं. टाकला का मांगं. जसा कोनी तुमाले दगडच मारून राहिला."

सरांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला. हात फिरत होता, पाय पुढे पडत होता, आणि चेंडू सुटतो न सुटतो तोच तो पुढचा पाय जमिनीला रेटा देऊन मागे येत होता, छाती मागे जात होती आणि डोकं डावीकडे वळत होतं. सातही वेळा. उर्मिलाबाईंचं हसणं थांबलं, कारण सरांचा चेहरा पार उतरला होता.

ही सवय कुठली, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांच्या लहानपणी पोळ्याच्या आधी पंधरा दिवस गल्लीगल्लीत ढेकळांची गोटमार चाले. अजूनही चालते, काठाच्या अलीकडेही आणि पलीकडेही. ढेकूळ फेकायचं आणि झटकन मागे सरायचं, मान वळवायची, कारण समोरून उत्तर येतंच. जो सरला नाही त्याच्या भुवईवर खूण राहते. सरांच्या उजव्या भुवईवर ती आहेच. चालायला लागलेल्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत गावात कुणीही काहीही फेकलं, की तो एक पाऊल मागे जातो. सगळेच जातात म्हणून कुणाला दिसत नाही. गुडघ्यावर बसलेली पोरगी पळू शकत नव्हती, म्हणून तिचे चेंडू बरोबर बसत होते. उभी राहिली की सगळं अंग मागे, आणि चेंडू पुढे ढकलायला एकटा बिचारा खांदा.

मृणाल ती सवय सावरगावच्या गल्लीतून घेऊन आली होती, हे खरं. पण अर्चना? अर्चनाचे वडील शिक्षक, बदली होऊन लांबून आलेले. ती आठवीत पांढुर्ण्यात आली. तिनं कधी ढेकूळ हातात धरलं नव्हतं. ती फक्त सरांकडे बघून शिकली होती.

सर उठून अंगणात गेले आणि बराच वेळ तुळशीला पाणी घालत बसले. उर्मिलाबाईंनी तिसरा तांब्या हातातून काढून घेतला. "मरन ते झाड," त्या म्हणाल्या. "पोरगी हाय न अजून हातात? तिले नीट करा."

चूक कळली म्हणजे सुधारली असं थोडंच असतं. दुसऱ्या दिवशी सरांनी सगळं मृणालला सांगितलं, चित्रफीत दाखवली, दोघंही पोट धरून हसले आणि मग दोघांनीही टाकून पाहिलं. दोघंही मागे. सरांनी तिच्या मागे चेंडूंची पिशवी ठेवली. ती पिशवीला अडखळली. लक्ष पुढे राहावं म्हणून पकडणाऱ्या पोरीला टाळ्या वाजवायला लावल्या. टाळ्या वाजल्या की ती आणखीच दचकू लागली. अंगाला लागलेलं वळण सांगून थोडंच सुटतं? "मी सांगतो अंगाले," मृणाल म्हणाली, "पन थे आयकतच नाही." चाचणीला नऊ दिवस उरले होते. सर रोज पहिला प्रश्न एकच विचारत, खांदा कसा आहे, आणि रोज उत्तर येई, "थोडासा ठणकते."

वाट सापडली ती संत्र्यांच्या ढिगापाशी. मृणालची आई अमिता हंगामात संत्री निवडायला जाते. सर तिला भेटायला गेले होते ते मनातली गोष्ट बोलायला: पोरीला या वर्षी चाचणीला न पाठवलेलं बरं, खांद्यापेक्षा चाचणी मोठी नाही. टिनाच्या शेडमध्ये पाच-सहा बायका ढिगाभोवती बसून फळं निवडत होत्या. मोठं फळ एका ढिगात, मधलं दुसऱ्यात, बारीक तिसऱ्यात. हात खालूनच जायचा, कमरेजवळून, आणि फळ बारा-पंधरा हातांवर जाऊन अलगद बसायचं. एकही फुटत नव्हतं. सर बोलायला आले ते विसरून बघतच राहिले.

"अमिताबाई, तुमी मांगं नाही सरकत."

"कायले सरकू? संत्रं काय वापस येऊन मारते का?" अमिता हात न थांबवता म्हणाली. "नवीन बाई असली का हात आखडते. मंग फळ आपटते आन् फुटते. फळ सोडलं का हाताले त्याच्या मांगं जाऊ द्या लागते. पोचेपर्यंत. मंग दुसरं."

"पन अंग?"

"अंग बी जाते थोडं. आपन फळ देऊन राहिलो, फेकून नाही राहिलो."

सरांनी तिथेच पँटचे पाय दुमडले आणि बायकांच्या मध्ये बसले. पहिली चार संत्री त्यांनी फोडली. पाचवं बसलं. बायकांना फार करमणूक झाली. कवडू सरांना संत्री निवडायला शिकवली हे त्यांनी पुढे महिनाभर सांगितलं. फोडलेली चार संत्री सरांनाच खायला लावली तेही सांगितलं.

त्या दिवसापासून मृणालच्या सकाळच्या दोन तासांतला एक शेडमध्ये जाऊ लागला. आधी बसून, मग गुडघ्यावर, मग उभी राहून आईच्या हातात संत्रं द्यायचं. आईनं रोज दोन पावलं लांब सरकायचं. संत्रं फुटलं की पुन्हा जवळ. पाचव्या दिवशी संत्र्याच्या जागी चेंडू आला आणि शेडच्या जागी मैदान. हात फिरला, पाय पुढे पडला, चेंडू कमरेपाशी सुटला आणि हात त्याच्या मागोमाग गेला. मृणाल पडलेल्या पायावर तशीच उभी राहिली, जणू चेंडू पोचल्याची पावती बघून मगच हलणार. पकडणाऱ्या पोरीनं ग्लोव्हमधून हात काढून फुंकला. "सर, आता दोन रुमाल लागतीन," ती म्हणाली.

आता एकच काम राहिलं होतं आणि ते सरांचं एकट्याचं होतं. चाचणीच्या दोन दिवस आधी ते बसनं सौसरला गेले आणि या वेळी लांबच्या रस्त्यानं गेले नाहीत.

दुकान अरुंद होतं. वरच्या फळीवरचं सामान काढायला अर्चनानं आकडा लावलेली काठी ठेवली होती. ती काठी सरांना आधी दिसली आणि मग अर्चना. ती उठून उभी राहिली. "सर? बसा न."

सर बसले नाहीत. बसलो तर बोलणं होणार नाही, असं त्यांना वाटलं. मोबाईल काउंटरवर ठेवून त्यांनी चित्रफीत लावली. "हे पाह्य," ते म्हणाले. "मी चेंडू टाकला का मांगं पळतो. तू मले पाहून शिकली. तुहा खांदा त्यानं गेला. आन् तू दुखते म्हनली तेव्हा मी टाक म्हनलो. चूक तुही नव्हती बेटा. माही होती."

अर्चनानं चित्रफीत शेवटपर्यंत पाहिली. मग ती गिऱ्हाइकांकडे वळली. एक मुलगा पेन घेऊन गेला, एक बाई चौकशी करून गेली, सर तसेच उभे.

"मले वाटत होतं माहाच खांदा कच्चा होता," ती शेवटी म्हणाली. "घरचे बी थेच म्हनत. पंधरा वर्सं लागले सर तुमाले पांढुर्ण्याहून सौसरले याले. बस त पाऊन तासात येते."

सर मान खाली घालून उभे राहिले, पण जागचे हलले नाहीत.

"वरच्या फळीवरचा थो खोका काढून द्या," अर्चना म्हणाली. सरांनी काढून दिला. "त्याच्या बाजूचा बी." तोही काढला. असे तिनं त्यांच्याकडून सहा खोके काढवले, त्यांतले चार पुन्हा वर ठेववले, आणि मग शेजारून चहा मागवला. चहा पिता पिता विचारलं, "पोरीची चाचनी किती वाजता हाय?"

चाचणीच्या दिवशी ती दुकान बंद करून मैदानावर आली आणि सरांच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. मृणालनं पहिले तीन चेंडू टाकले; तिन्ही ग्लोव्हमध्ये. बॅटवाल्या पोरी एकामागून एक परतू लागल्या. पाचवी धिप्पाड होती. तिनं चेंडू असा सणसणीत परतवला की तो सरळ मृणालच्या छातीवर निघाला. मृणाल पडलेल्या पायावर होती तशीच उभी राहिली, ग्लोव्ह वर आणला आणि चेंडू आत घेतला. इकडे साठ हातांवर बसलेले कवडू सर मात्र मान वळवून असे मागे सरले की खुर्चीसकट उताणे पडले.

अर्चना हसत सुटली. तिनं डावा हात देऊन त्यांना उठवलं आणि त्यांच्या पाठीची धूळ झटकली. "सर, चेंडू तिच्याकडे गेलता."

"मालूम हाय मले."

"ही खोड आता तुमच्यापाशीच राहू द्या," ती म्हणाली. "पोरीत नाही राहिली."

दुपारी नावं वाचली गेली. मृणालचं तिसरं होतं. ती धावत आली, सरांच्या पाया पडली, मग ओळखदेख नसताना अर्चनाच्याही पडली, कारण सरांच्या बाजूला बसली म्हणजे कुणीतरी मोठी असणार. सरांनी नेहमीचा प्रश्न विचारला.

"खांदा कसा हाय?"

"कोनता?" मृणाल म्हणाली. तिचं लक्ष जेवणाच्या डब्याकडे होतं.

पंधरा वर्षांत अर्चनाला कुणी खांद्याचं विचारलं, तर कोणता असं तिला कधी म्हणता आलं नव्हतं. तिनं सरांकडे पाहिलं. सरांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचाही त्यांनी प्रयत्न केला नाही. अर्चनानं मृणालचा डबा उघडून तिच्या हातात दिला आणि म्हणाली, "काही नाही वं. जेव तू."